स्वयंपाकघरातला पियानो

माझ्या नणंदेची मुलगी पियानो वाजवते आणि तो पियानो माझ्या स्वयंपाकघरात आहे. ही दोन्ही वाक्यं एका दमात सांगितली की माणसं मुलीबद्दल काही विचारत नाहीत, स्वयंपाकघराबद्दलच विचारतात. म्हणून ते आधी उरकून घेते.

नणंद तिसऱ्या मजल्यावर राहते आणि आम्ही तळमजल्यावर. तिचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर दुसऱ्यांना वर-खाली नेणारा हा माणूस संध्याकाळी आपल्या बिनलिफ्टच्या इमारतीचा जिना धापा टाकत चढतो. एक शाळा बंद पडली, तिथली लिफ्ट काढायला ते गेले आणि येताना शाळेचा जुना उभा पियानो घेऊन आले. मापं घेण्यात भावोजींचा हात धरणारा कोणी नाही. त्यांनी पियानोची उंची मोजली, जाडी मोजली, दाराची चौकट मोजली, वरच्या खोलीतली भिंत मोजली. जिन्याला वळण आहे, तेवढं मोजायचं राहिलं. पहिल्याच वळणावर पियानो असा रुतून बसला की वर जाईना आणि खाली येईना. दुपारभर लोक त्याच्यावर चढून पलीकडे उतरत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तर त्याच्या डोक्यावर बसून निवांत दम खाल्ला आणि मग पुढे गेले. शेवटी हमालांनी तो खाली ओढला, आणि तळमजल्यावर त्याला पुरेल एवढं रुंद दार एकच निघालं, ते माझ्या स्वयंपाकघराचं मागचं दार.

दोन दिवस ठेवू, वहिनी, असं भावोजी तेव्हा म्हणाले होते. मुलगी तेव्हा दुधाचे दात पाडत होती. आता ती माझ्यापेक्षा उंच आहे. फ्रिज बोळात गेला, दूध काढायचं तर पोट आत ओढून आडवं सरकावं लागतं. माझी सकाळची प्रार्थना ज्या कोपऱ्यात व्हायची तिथे आता पियानोचं स्टूल असतं. देवाचं जागेवाचून काही अडत नाही, पण माझे गुडघे रोज स्टुलाला आपटतात.

मुलीला घरात सगळे टिटवी म्हणतात. पाळण्यात असताना तिने इमारतीला रात्रभर झोपू दिलं नव्हतं, तेव्हापासूनचं हे नाव. आता ती तोंडाने फारशी बोलत नाही, जे काय ओरडायचं ते बोटांनी. मनगटं बाहीच्या बाहेर आलेली, केसांना भाजीच्या जुडीचं रबर बांधलेलं, आणि नखं इतकी बारीक कापलेली की तिला संत्रं सोलता येत नाही, ते मला सोलून द्यावं लागतं. वाजवायला बसण्याआधी ती कोमट पाण्यात हात बुडवून बसते, तेही मी पालेभाजी धुवायला भरून ठेवलेल्या पातेल्यात. डावा मोजा काढते, उजवा ठेवते. का, ते विचारायचं नाही. एकदा विचारलं तर मला पायाखालच्या पेडलचं सगळं शास्त्र ऐकावं लागलं आणि तेवढ्यात दूध उतू गेलं.

तिची सरावाची पद्धत मोठी कडक आहे. मी मटार सोलत असले की ती त्यातले मूठभर दाणे उचलून पियानोच्या डाव्या कडेला ओळीने मांडते. एक ओळ बिनचूक वाजली की एक दाणा उजवीकडे. चूक झाली की सगळे दाणे पुन्हा डावीकडे आणि पहिले पाढे पंचावन्न. सगळे उजवीकडे पोचले की तो भाग पक्का झाला. पद्धत चांगली आहे, पण आमच्या घरात तिला एक भोक आहे, ते म्हणजे आमचे हे. यांची पावाच्या भट्टीवर रात्रपाळी असते. दुपारी झोपेतून अर्धवट उठून पाणी प्यायला येतात आणि जाता जाता डावीकडचे दाणे तोंडात टाकतात. टिटवी डोळे मिटून वाजवत असते. डोळे उघडते तर डावीकडे काहीच नाही, म्हणजे झालं. गेल्या हिवाळ्यात एक अख्खं अवघड पान तिला आलं असं आम्ही सगळे समजून होतो. ते पान मामाने खाल्लेलं होतं.

पियानो नसेल तिथेही तिची बोटं चालूच असतात. बसमध्ये पुढच्या बाकाच्या पाठीवर, जेवताना ताटाच्या कडेवर, आणि मला मिठी मारली तर माझ्या पाठीवर. मिठी सुटत का नाही म्हणून मी विचारते तर म्हणते, थांब ना मामी, डाव्या हाताचा भाग संपू दे.

आता सुरीचं सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं.

टिटवीला शिकवणाऱ्या बाईंनी तिला ठोके देणारं एक लहान यंत्र दिलं होतं. किल्ली दिली की टक टक करत राहतं आणि वाजवणाऱ्याने त्याच्या चालीने चालायचं. पियानो कितीही वाजला तरी हे शेजारच्या खोलीत ढाराढूर झोपतात, पण त्या टकटकीने यांची झोप उडाली. आधी यांना वाटलं नळ गळतोय. उठून नळ आवळला, टकटक चालूच. अजून आवळला. मग नळाची तोटीच यांच्या हातात आली आणि पाणी छताला लागलं. त्याच दिवशी ते यंत्र बाईंकडे परत गेलं.

यंत्र गेलं तरी ठेका तर हवा. मी बाजूला ओट्यावर फळी ठेवून गाजर चिरत होते आणि टिटवी त्यावर वाजवायला लागली. कोणी कोणाला सांगितलं नाही, ते आपोआप झालं. मी यांना विचारलं, माझ्या सुरीची टकटक चालते का तुम्हाला? तर म्हणाले, त्या टकटकीनंतर जेवायला मिळतं, छान झोप लागते.

मग प्रत्येक रचनेची भाजी ठरत गेली. संथ असेल तर भोपळा, मध्यम असेल तर गाजर, पळती असेल तर फरसबी. स्पर्धेसाठी बाईंनी जी रचना निवडली ती सुरुवातीला आणि शेवटी संथ आणि मध्ये वाऱ्यासारखी सुटणारी. बाई तिला रचना म्हणतात, टिटवी पीस म्हणते, हे तिला धडामधुडुम म्हणतात. त्या धडामधुडुमला कोबी लागायचा. कोबी जाडही चिरता येतो आणि बारीकही. सरावाचा जोर वाढला तसा घरात कोबी इतका झाला की आम्ही तो खाल्ला, वर नणंदेकडे पाठवला, आजोबांकडे पाठवला, आणि एके दिवशी आजोबांनीच तो झाकण लावून परत पाठवला.

ही स्पर्धा दरवर्षी होते आणि जिंकणाऱ्याला मोठ्या सभागृहात पूर्ण वाद्यवृंदाबरोबर एक संध्याकाळ वाजवायला मिळतं. तिथला पियानो लांब, काळा, झाकण वर केलेला, आणि त्याच्या बाजूला कोणीही कांदा चिरत नाही, असं टिटवी मला डोळे मोठे करून सांगायची. तिने त्या संध्याकाळचं वाकणंसुद्धा करून बघितलं होतं. बोळात फ्रिजसमोर उभी राहून एक हात छातीवर ठेवून वाकायची आणि डोकं वर करताना फ्रिजच्या मुठीवर आपटायची. डॉक्टरांच्या जुळ्या मुलीही स्पर्धेत होत्या. त्या दोघी दिसायला सारख्या, वाजवायलाही सारख्या, आणि टिटवीच्या मते असं करणं म्हणजे लबाडी होती.

पण जिंकण्याच्या हौसेहून मोठी एक गोष्ट अडकलेली होती. पुढचं वर्ष शाळेच्या मोठ्या परीक्षेचं. नणंदेने जाहीर केलं होतं की टिटवी पहिल्या तिनात आली तर पियानो राहील, नाही आली तर कोपऱ्यावरच्या बालवाडीला देऊन टाकायचा. बालवाडीच्या ताई येऊन तो बघूनही गेल्या होत्या. नणंद एकदा बोलली की ती काळ्या दगडावरची रेघ. टिटवीने ते ऐकून घेतलं आणि त्या दिवशी मटाराचे दाणे दुप्पट मांडले.

मी रोज प्रार्थनेत हा विषय घेत होते. पण नंबर मागायला जीभ रेटेना. प्रत्येक मुलाची कोणी ना कोणी मामी असणारच आणि तीही सकाळी हेच मागत असणार. देवाने ऐकायचं तरी कोणाचं? म्हणून मी फक्त एवढंच मागायची की तिचे हात गार पडू नयेत. मग उठता उठता, स्टुलाला गुडघा आपटल्यावर, हळूच म्हणायची, आणि जमलंच तर तिसरा.

घोडं अडलं ते बाईंच्या घरी. तिथे टिटवी वाजवायला बसली की गाडी रुळावरून घसरायची. कधी सुसाट, कधी रडतखडत. घरी नीट येतं, असं ती बाईंना सांगायची. जगातली सगळी मुलं असंच सांगतात, त्यामुळे बाईंनी बरेच दिवस दुर्लक्ष केलं. मग एके दुपारी त्या स्वतःच आमच्याकडे आल्या. बाई अंगाने लहानखुऱ्या, बोलणं हळू, आणि हातात एवढी मोठी पिशवी की तिच्यात त्या स्वतः मावतील. मी त्यांना चहा दिला, त्या भांड्यांच्या मांडणीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, तुमचं चालू द्या, मी ऐकते.

आम्ही दोघींनी सुरू केलं. खरं सांगते, त्या दिवशी फार सुंदर झालं. शेवटचा सूर आणि कोबीचा शेवटचा देठ एकदमच संपले. मी बाईंकडे कौतुकाच्या आशेने पाहिलं. बाईंचा चहा तसाच होता.

त्यांनी मला सुरी खाली ठेवायला सांगितली आणि टिटवीला पुन्हा वाजवायला लावलं. टिटवी चार पावलं चालली आणि पत्र्याच्या डब्यासारखी गडगडत गेली. मग बाईंनी टिटवीला हात मांडीवर ठेवायला सांगितले आणि मला म्हणाल्या, आता तुम्ही एकट्या चिरा.

मला हसू आलं. इतकी वर्षं चिरतेय, त्यात काय. सुरी उचलली, आणि माझं मलाच कळेना. एक तुकडा जाड, एक पातळ, मध्येच हात थांबला, मग घाईघाईने चार घाव, आणि पाचवा माझ्या बोटाला निसटता लागला.

"ती तुमच्या ठेक्यावर वाजवत नव्हती," बाई म्हणाल्या, "आणि तुम्हीही तिच्या ठेक्यावर चिरत नव्हता. बसमध्ये दोन प्रवासी एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपतात ना, तशा आहात तुम्ही दोघी. एकीचा थांबा आला की दुसरी आडवी."

एवढ्यावर संपलं नाही. रचनेच्या मधोमध टिटवी एका जागी जरा जास्तच थांबते, ते बाईंना कधीपासून खटकत होतं. पानावर तिथे थांबा नाही. तिथे का थांबतेस, असं त्यांनी विचारलं तेव्हा टिटवीने अगदी शहाण्यासारखं उत्तर दिलं की तिथे मामी चिरलेला कोबी पातेल्यात ढकलते.

बाईंनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. स्पर्धेपर्यंत सरावाच्या वेळी मी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम झाला.

ही बातमी वर पोचायला वेळ लागला नाही. नणंद खाली आली, कंबरेवर हात ठेवून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, माझ्या पोरीची भाजी करून ठेवलीस तू."

ते खरंच होतं.

मग घराची दशा झाली. मी बाहेर पायरीवर बसायची आणि आत टिटवी एकटी धडपडायची. तिचं अडखळणं ऐकून माझा हात पायरीवर आपोआप आपटायला लागायचा, तर आतून ती ओरडायची, मामी, मला ऐकू येतंय. मी हात मांडीखाली दाबून बसायची. चिरायचं काम मी तिच्या शाळेच्या वेळात करायला लागले, पण पियानोविना माझ्या हातून भाजी नीट होईना. हे ताटातला बोटभर लांब तुकडा उचलून म्हणायचे, हे काय आहे, लाकूड? वर सुरीची टकटक दुपारी बंद झाल्यामुळे यांची झोपही गेली. टिटवी हळूहळू सावरत होती, नाही असं नाही. पण मधल्या पळत्या भागापाशी आली की मान वळवून रिकाम्या ओट्याकडे बघायची.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी ती पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसली. बराच वेळ माझ्या गुडघ्यावर बोटं वाजवली.

"मामी, तू उद्या नुसती सुरी घेऊन ये," ती म्हणाली. "चिरू नकोस. नुसती दिसली तरी चालेल."

बाईंनी मनाई केली होती. पण बाईंनी चिरायला मनाई केली होती, बाळगायला नाही. मी देवाला विचारलं. देव काही बोलला नाही. झोपताना ते मला होकारासारखं वाटलं आणि सकाळी उठल्यावर नकारासारखं. शेवटी मी मधला मार्ग काढला. सुरी रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातली, वर फळी ठेवली आणि सगळ्यात वर एक लहानसा कोबी ठेवला. कोबी का, ते विचारू नका. नुसती सुरी नेणं बरं दिसलं नसतं.

सभागृहाच्या दाराशी पहारेकरी पिशव्या बघत होता. माझी पिशवी उघडून त्याने एकेक वस्तू बाहेर काढली. मागे रांग लागलेली, त्यात डॉक्टरीणबाई, दोन्ही हातांना एकेक जुळी. नणंद माझ्यापासून दोन पावलं लांब सरकून भिंतीवरची पाटी वाचायला लागली. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं की भाची वाजवणार आहे, तिच्या धीरासाठी आणलंय. माणूस सज्जन होता. त्याने डोकं खाजवलं, मागच्या मोठ्या साहेबांकडे बघितलं आणि निर्णय दिला: कोबी आत नेता येईल, सुरी इथेच राहील. सुरी छत्र्यांच्या रांगेत उभी केली आणि मला तिचा बिल्ला दिला.

अशी मी पहिल्या रांगेत मांडीवर कोबी घेऊन बसले. एका बाजूला हे, रात्रपाळी करून थेट आलेले, केसात पीठ. दुसऱ्या बाजूला नणंद आणि भावोजी.

टिटवीचं नाव पुकारलं गेलं. ती आली, पियानोपाशी उभी राहिली आणि तिने मला शोधलं. मी दोन्ही हात वर करून रिकामे तळवे दाखवले, म्हणजे तिला कळावं. तिला कळलं. आमच्या पुढे टेबलाशी बसलेल्या परीक्षकांपैकी एकाने मात्र मागे वळून बघितलं आणि त्याला मांडीवर कोबी घेऊन शरण आलेली एक बाई दिसली.

टिटवी बसली. हात वर केले, पुन्हा खाली घेतले. देवा, हात गार पडले असतील, मी मनात म्हटलं. मग तिने सुरुवात केली.

सुरुवातीचा संथ भाग तिने असा वाजवला की मला त्यात माझा कोबी स्पष्ट ऐकू येत होता. जाड जाड, सारखा. माझा उजवा हात मांडीवर उठायला लागला, तो यांनी धरून ठेवला. आणि मग ती जागा आली. ती थांबली. पानावर नसलेला तो थांबा, तिथे रोज पातेल्याचा आवाज यायचा. आता कसलाच आवाज आला नाही. एवढं मोठं सभागृह, आणि सगळे थांबलेले. माझे दोन्ही हात कोबीवर होते, आणि मी तो ढकलू शकत नव्हते.

टिटवीने ओट्याकडे बघतात तसं बाजूला बघितलं. तिथे झाकण वर केलेला काळा पियानो आणि त्यात तिचंच प्रतिबिंब, दुसरं काही नाही. तिने नाक ओढलं आणि पळता भाग सुरू केला.

तो माझ्या ओळखीचा नव्हता. फरसबीपेक्षा जलद, कोबीपेक्षा बारीक. एवढं माझ्या हातून कधीच चिरून झालं नसतं, सगळी बोटं गेली असती. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की घरी ती इतके दिवस मला सांभाळून, माझ्यासाठी हळू चालत होती. मी कोबी घट्ट धरला आणि नुसती ऐकत बसले.

शेवटी ती वाकली. इथे फ्रिज नव्हता, त्यामुळे डोकं कुठे आपटलं नाही.

निकाल लागला तो असा. पहिली आली एक गंभीर चेहऱ्याची मुलगी, तिच्याबद्दल कोणालाच काही तक्रार नव्हती. दुसरा नंबर डॉक्टरांच्या दोन्ही जुळ्यांना मिळून. आणि त्यांच्यानंतर आमची टिटवी, चौथी. तिसरा नंबर कोणालाच नाही. परीक्षकांनी तिला जवळ बोलावून सांगितलं की मधल्या थांब्याचे गुण गेले, तिथे थांबा लिहिलेला नाही. टिटवी म्हणाली, हो, तिथे कोबी पातेल्यात जातो. परीक्षकांनी माझ्या मांडीवर एकदा नजर टाकली आणि पुढचा प्रश्न विचारला नाही.

परतीच्या बसमध्ये भांडण जुंपलं. भावोजींचं म्हणणं, टिटवी तिसरीच आहे. दुसऱ्या मजल्यावर दोन माणसं एकदम उतरली म्हणून लिफ्ट तिसरा मजला सोडून चौथ्यावर जाते का? नणंद म्हणाली, तिच्यापुढे माणसं किती, तीन. मग ती कितवी? हे अर्धवट झोपेत म्हणाले की भट्टीतून दोन पाव चिकटून आले तर आम्ही एकच मोजतो. नणंद म्हणाली, दादा, तू झोप. पुढच्या बाकावरचा एक अनोळखी माणूस वळून भावोजींच्या बाजूने बोलायला लागला, त्याच्या बायकोने नणंदेची बाजू घेतली, आणि त्या दोघांचं वेगळंच जुंपलं.

शेवटी नणंदेने मुलीलाच विचारलं. "तूच सांग, कितवी आलीस?"

टिटवी खिडकीच्या दांडीवर बोटं वाजवत होती. ती थांबली. म्हणाली, "चौथी, आई."

बस थांबल्यावर आम्ही उतरलो. टिटवी सरळ जिना चढून वर गेली, आमच्या दाराकडे न बघता.

बालवाडीच्या ताई ठरलेल्या दिवशी हमालांना घेऊन आल्या. नणंद त्यांना माझ्या मागच्या दाराशी घेऊन आली. टिटवी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती, तिच्या नेहमीच्या त्या एका मोज्यात. मी ओट्याशी उभी होते. सकाळपासून फळीवर एक गाजर पडलं होतं आणि त्याचे मला धड चार तुकडे करता आले नव्हते.

मी ताईंना म्हटलं की तुम्हाला उगाच हेलपाटा पडला, पियानो द्यायचा नाही. नणंद म्हणाली, वहिनी, आपलं ठरलंय. मी म्हटलं, तुझं आणि तुझ्या मुलीचं ठरलंय. मला कोणी विचारलं? माझ्या स्वयंपाकघरातली वस्तू आहे, मला लागते.

"तुला पियानो येतो का?" नणंदेने विचारलं.

"मला फ्रिज तरी कुठे येतो," मी म्हटलं. "घरात असतो."

हमालांपैकी एक हसला. नणंद हसली नाही. तिने भावोजींकडे पाहिलं, भावोजी दाराची चौकट मोजायला लागले. मग तिने पुढचा मुद्दा काढला, की मुलीच्या परीक्षेचं काय. मी म्हटलं, मुलीने परीक्षेचाच अभ्यास करावा. वर बसून करावा. फक्त भाजीच्या वेळेला मला मदतीला खाली पाठव, माझं बोट अजून दुखतंय. आता नणंद पेचात पडली. मुलगी घरकामात काडीची मदत करत नाही, हे गाऱ्हाणं गेली कित्येक वर्षं ती स्वतःच इमारतभर सांगत होती. बालवाडीच्या ताई मोठ्या समजूतदार निघाल्या. त्या म्हणाल्या की खरं तर आमच्या मुलांना झोपाळा जास्त हवा आहे, आणि हमालांना घेऊन निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी भाजीच्या वेळेला टिटवी खाली आली. मागोमाग नणंदही आली, मदत खरोखर होते की नाही ते बघायला. स्टुलावर टिटवी, ओट्याशी मी, आणि मांडणीला टेकून नणंद. रिकामं बसवेना म्हणून तिने माझ्या पुढ्यातल्या फरसबीचा ढीग ओढून घेतला आणि शेंगा मोडायला लागली. कट, कट, मग बराच वेळ काही नाही, मग तीन एकदम. देवाने प्रत्येकाला काही ना काही दिलेलं असतं, नणंदेला ठेका सोडून सगळं दिलंय. मी तिला डोळ्यांनी खुणावलं.

"शेंगा आहेत, वाटेल तशा मोडीन," ती म्हणाली.

मी सुरी खाली ठेवली आणि टिटवीकडे बघितलं. तिने वळूनही पाहिलं नाही. डावा मोजा काढला, हात वर केले आणि सुरुवात केली. आईच्या शेंगा आपल्या मर्जीने मोडत होत्या, ती आपल्या चालीने चालली होती. पळता भाग आला तेव्हा नणंदेने एक शेंग दोन्ही हातांत धरली होती, ती मोडायची राहून गेली.